आगीतला अभ्यास

घराला आग लागली असताना घरातल्या मुलाने पाढे म्हणत बसावे काय?

हा प्रश्न कुणालाही विचारा, उत्तर तत्काळ मिळेल. पाटी टाक आणि बादली उचल, असेच कोणीही शहाणा माणूस सांगेल. पण हाच प्रश्न जरा मोठा करून पाहा. घराच्या जागी देश ठेवा, पाढ्यांच्या जागी विद्या ठेवा. मग उत्तर तितके सोपे राहत नाही. देशाला लागलेली आग एका रात्रीत विझत नसते. ती आठ वर्षे धुमसत राहिली, तर आठ वर्षे कोणी पाटी हाती धरायचीच नाही काय? आणि आग विझल्यावर नवे घर उभारायला ज्याला मोजमाप कळते असा माणूस आणायचा तरी कुठून?

आपल्याकडे मिथिलेच्या जनकाची कथा सांगतात. नगरी पेटल्याची वार्ता आली तरी त्याचे चित्त ढळले नाही, आणि आपण त्याला विदेही म्हणून हात जोडले. ही कथा वर्गात सांगितली की एखादा तरी मुलगा उभा राहून विचारतोच, “पण गुरुजी, राजाने आग विझवायला माणसे पाठवली की नाही?” मुलाचा हा प्रश्न मला नेहमीच अवघड वाटत आला आहे. ज्ञानी माणसाची शांती आणि निगरगट्टाची बेपर्वाई बाहेरून दिसायला अगदी सारखीच असतात. दोघेही स्वस्थ बसलेले दिसतात. त्यांतला भेद ओळखायचा कसा?

या प्रश्नाचा थोडाफार उलगडा मला झाला तो एका चिनी विद्यापीठाच्या इतिहासातून. चकलीचा तुकडा मोडता मोडता कुणी म्हणेल, दिवाळीच्या अंकात हा चीन कुठून उपटला? मी तर शाळामास्तर. विद्यापीठाची पदवी माझ्या भिंतीवर टांगलेली नाही. कदाचित म्हणूनच विद्यापीठ म्हणजे नेमके काय, त्याच्या इमारती काढून घेतल्या तर मागे काय उरते, याचे कुतूहल मला पदवीधरांपेक्षा अधिक असावे. आणि या विद्यापीठाच्या इमारती एकदा खरोखरच काढून घेतल्या गेल्या होत्या.

चीनच्या पूर्व किनाऱ्यावर चच्यांग नावाचा प्रांत आहे. हांगचौ ही त्याची राजधानी. सरोवरासाठी, रेशमासाठी आणि चहासाठी प्रसिद्ध असलेले शहर. १८९४-९५ च्या युद्धात जपानसारख्या लहान देशाने चीनचा पराभव केला आणि जुन्या विद्येवर विसंबून असलेले साम्राज्य हादरून गेले. तेव्हा हांगचौचा प्रांताधिकारी लिन छी याने १८९७ साली एका जप्त केलेल्या बौद्ध मठात नव्या पद्धतीची शाळा काढली. जुन्या ग्रंथांबरोबर गणित, रसायन, परकी भाषा असे विषय तिथे शिकवायचे ठरले. शाळेला त्याने नाव दिले ‘छ्यू-शी’. या दोन अक्षरांचा अर्थ, जे खरोखर आहे त्याचा शोध घेणे. लिन छी तीनच वर्षांनी, १९०० साली वारला. शाळेची पुढे अनेक रूपांतरे झाली आणि १९२८ पासून ती चच्यांग विद्यापीठ या नावाने ओळखली जाऊ लागली.

१९३६ साली या विद्यापीठाच्या प्रमुखपदी चू कचेन नावाचे गृहस्थ आले. वय सेहेचाळीस, अमेरिकेत हार्वर्डला शिकून आलेले हवामानशास्त्रज्ञ. पाऊस, वारा, तापमान यांच्या नोंदी हेच त्यांचे विश्व. आधीच्या प्रमुखाला विद्यार्थ्यांनी आंदोलन करून घालवले होते. असली जोखमीची खुर्ची त्यांना नकोच होती. पत्नीने आग्रह धरला, तेव्हा फार तर सहा महिने पाहू, असे म्हणून त्यांनी होकार दिला. त्या सहा महिन्यांची तेरा वर्षे झाली!

त्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांपुढे बोलताना त्यांनी मुलांना दोनच प्रश्न स्वतःला विचारायला सांगितले. इथे तुम्ही कशासाठी आलात? आणि इथून बाहेर पडल्यावर कसले माणूस होणार आहात? वर्ष उलटले नाही तोच या प्रश्नांची उत्तरे देण्याची पाळी सगळ्यांवर आली. १९३७ च्या उन्हाळ्यात जपानने चीनवर चढाई केली. ऑगस्टमध्ये शांघायला तोफा धडधडू लागल्या, आणि शांघायहून हांगचौ काही फार दूर नाही.

मग सुरू झाला तो एका विद्यापीठाचा वनवास. पहिल्या वर्षाची मुले आधीच डोंगरातल्या एका मठात हलवली होती. पुढे सारे विद्यापीठ निघाले. डिसेंबरात हांगचौ पडले. आधी त्याच प्रांतातले च्यांत, मग च्यांग्शी प्रांतात थाईहो, मग क्वांगशीत यीशान, आणि अखेर १९४० च्या सुरुवातीला क्वीचौच्या डोंगराळ मुलुखात त्सुनयी आणि मेइथान. मिळून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट. कधी होडीने, कधी मालगाडीने, कधी ट्रकने, कधी पायी. बरोबर पुस्तकांच्या आणि उपकरणांच्या पेट्या. प्रत्येक मुक्कामी पेट्या उघडायच्या, देवळात, वाड्यात, झोपडीत फळा टांगायचा आणि जिथे धडा तुटला होता तिथून पुढे सुरू करायचे. यीशानला १९३९ च्या फेब्रुवारीत जपानी विमानांनी विद्यापीठाच्या छावणीवर शंभरावर बॉम्ब टाकले. विद्यार्थ्यांची वसतिगृहे पेटली. वर्ग मात्र पुन्हा भरले.

हांगचौच्या ग्रंथालयात अठराव्या शतकातल्या बादशाही ग्रंथसंग्रहाची एक हस्तलिखित प्रत होती; छत्तीस हजारांवर खंडांची. ग्रंथपालांनी ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून हलवायला घेतली, तेव्हा स्वतःच बेघर झालेले हे विद्यापीठ तिच्या मदतीला धावले. ग्रंथ दूर क्वीचौला सुखरूप पोचले आणि युद्धानंतर हांगचौला परतले.

इथवरची कथा ऐकून कोणाचाही ऊर भरून येईल. पण आपला पहिला प्रश्न अजून तसाच उभा आहे. रणांगणावर माणसे मरत होती, खेडीच्या खेडी उठून चालली होती. आणि ही तरुण, धडधाकट मुले मठात बसून गणिते सोडवीत होती! त्यांच्या वयाच्या शेतकऱ्यांच्या पोरांना सैन्यात ओढून नेत होते, आणि यांना मात्र शिकलेली माणसे देशाला उद्या हवीत म्हणून जपले जात होते. हा न्याय झाला काय?

याच आगीत बादली घेऊन धावलेला एक माणूस आपल्या ओळखीचा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. त्यांच्यापुढे ढालकिड्याच्या पाठीवरचे ठिपके मोजणाऱ्या प्राध्यापकाची काय मातब्बरी, असे मनात आल्यावाचून राहत नाही. पण थोडा विचार करा. कोटणीसांच्या हातात जी शस्त्रक्रियेची विद्या होती, ती काही त्यांना रणांगणावर सापडली नव्हती. मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयात कोणीतरी शांतपणे, पुन्हा पुन्हा, एकेक शीर दाखवून ती शिकवली होती. आगीवर ओतायची बादलीसुद्धा कुठेतरी स्वस्थ बसून घडवावी लागते.

तरीही एवढ्याने माझे समाधान होत नाही. उद्याच्या नावावर आजची जबाबदारी टाळणे ही तर आळशी माणसाची जुनी युक्ती. म्हणून मी पाहू लागलो, की या माणसांनी अभ्यासाचा हक्क फुकट घेतला, की त्याचे मोल चुकवले?

थाईहोला विद्यापीठ जेमतेम काही महिने होते. गावाला दरवर्षी गान नदीच्या पुराचा त्रास. पाहुण्या विद्यापीठाने गावकऱ्यांबरोबर नदीकाठी बांध घातला. मोजणी आणि आखणी अभियांत्रिकीच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी केली. गावातल्या आणि निर्वासितांच्या मुलांसाठी शाळा काढली. युद्धाने उठून आलेल्या शेतकऱ्यांसाठी पडीक जमीन लागवडीला आणली. आणि मग पेट्या बांधून ते पुढे गेले. बांधाला बांधणारांची वस्ती लाभली नाही, पण पुराचे पाणी काही ते विचारून येत नाही.

चू कचेन यांचा थोरला मुलगा याच काळात सैनिकी शिक्षणाला निघाला. विद्यापीठाच्या प्रमुखाचा मुलगा. त्याला मागे ठेवणे अवघड नव्हते. वडिलांनी अडवले नाही. १९३८ च्या जुलैत विद्यापीठासाठी पुढची जागा शोधायला ते दूर गेले होते. थाईहोला परत आले तो धाकटा मुलगा आमांशाने गेलेला. थोड्याच दिवसांत, ऑगस्टच्या आरंभी, त्याच रोगाने पत्नीही गेली. तीच पत्नी, जिने ही खुर्ची स्वीकारायला लावली होती. एरवी कोणीही हाय खाऊन बसला असता. चू कचेन पुन्हा पेट्या बांधायला लागले. त्याच वर्षी यीशानला विद्यापीठाने आपले बोधवाक्य ठरवले. नवे काही शोधले नाही. लिन छीची जुनी दोन अक्षरे उचलली: छ्यू-शी. चू कचेन यांनी त्यांचा अर्थ मुलांना असा सांगितला की, खरे काय आणि खोटे काय एवढेच पाहावे. त्यात आपला नफा किती आणि तोटा किती याचा हिशोब मांडू नये.

अशा विद्यापीठात काय शिकवले गेले असेल? मेइथानला एका घराण्याच्या पूर्वजमंदिरात प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा होती. तिथे तान च्याचेन हे प्राध्यापक ढालकिडे पाळीत. शेतात दिसणारा, पाठीवर ठिपके असलेला तो चिमुकला भुंगेरा. निरनिराळ्या ठिपक्यांच्या जोड्या लावल्या तर अपत्याच्या पाठीवर आईचे काळे भाग आणि बापाचे काळे भाग एकमेकांवर चढून दोन्ही दिसतात, हे त्यांनी दाखवून दिले. आनुवंशिकतेच्या शास्त्रात हा शोध मोलाचा ठरला आणि १९४६ साली अमेरिकेतल्या नियतकालिकात छापून आला.

वांग कानछांग हे पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांना क्षयाची बाधा झालेली; दुधासाठी घरात शेळी पाळली होती आणि ती चरायला नेणे हेही प्राध्यापकांचेच काम. शेळी सांभाळता सांभाळता या माणसाने न्यूट्रिनो नावाचा, जवळजवळ पकडताच न येणारा कण ओळखण्याची एक रीत विचाराने शोधून काढली. प्रयोग करायला उपकरण नव्हते. म्हणून त्यांनी १९४१ साली नुसता विचारच अमेरिकेला पाठवला. १९४२ च्या जानेवारीत तो छापला गेला आणि जेम्स ॲलन या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याच वर्षी तो प्रयोग केला. आपल्या हातून होणार नाही म्हणून विचार दडवून ठेवावा, असे वांगना वाटले नाही.

१९४३ साली ली त्सुंग-दाओ नावाचा एक मुलगा तिथे शिकायला आला. विद्युत दिव्यांची चैन कुठली! चहाच्या दुकानात जागा धरायची आणि तिथेच पुस्तक वाचायचे, असा त्या मुलांचा दिनक्रम. शू शिंगपेइ आणि वांग कानछांग या शिक्षकांनी त्याची बुद्धी ओळखली. १९५७ साली याच लीला नोबेल पारितोषिक मिळाले. पण हे मी सांगितले नसते तरी चालले असते. जो मुलगा नोबेलला पोचला नाही, खेड्यातल्या शाळेत मास्तर झाला, त्याच्यासाठीही तोच फळा आणि तोच खडू झिजला होता.

१९४६ साली विद्यापीठ हांगचौला परतले. वनवास संपला की राज्याभिषेक, असा आपल्या मनातला क्रम. इथे मात्र खरी कसोटी घरी आल्यावर लागली. चीनमध्ये यादवी सुरू झाली होती. १९४७ च्या ऑक्टोबरात यू त्झसान नावाच्या शेतकी शाखेच्या विद्यार्थी-पुढाऱ्याला पोलिसांनी पकडले आणि तीन दिवसांत तो कोठडीत मेला. काचेच्या तुकड्याने त्याने आत्महत्या केली, असे सरकारने जाहीर केले. चू कचेन कोठडीत गेले, प्रेत पाहिले. आत्महत्येच्या कागदावर सही करा, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी लिहिले ते एवढेच, की जागेवर येऊन पाहिले. पुढे वर्तमानपत्रांतले त्यांचे बोलणे दुरुस्त करावे म्हणून वरून दडपण आले. जे घडले तेच छापले आहे, त्यात दुरुस्ती कसली, असे त्यांचे म्हणणे पडले.

या प्रसंगाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. तो माणूस शूर होता असे म्हणून सुटता येत नाही. ‘हा खून आहे’ असेही त्यांनी लिहिले नाही; खून होताना त्यांनी पाहिला नव्हता. ‘ही आत्महत्या आहे’ असेही लिहिले नाही. तीही पाहिली नव्हती. प्रेत पाहिले होते, म्हणून पाहिले असे लिहिले. ही सवय एका दिवसात येत नाही. हजारो सकाळी उठून तापमापकावरचा आकडा जसा आहे तसा वहीत टिपणाऱ्या माणसालाच ती लागते. आकडा अर्ध्या अंशाने इकडे-तिकडे लिहिला तर कोणाचे काय बिघडते? काहीच नाही. पण ज्याने कोणाचे काही बिघडत नव्हते तेव्हा आकडा बदलला, तो प्रेतापुढे उभा राहून कागदावर सही करायला फार वेळ लावत नाही.

आगीत अभ्यास करावा काय, याचे उत्तर मला इथे दिसते. ढालकिड्याचे ठिपके मोजणे आणि कोठडीतल्या कागदावर एकच खरे वाक्य लिहिणे, ही दोन कामे निराळी नाहीत. पहिल्यावाचून दुसरे हातून होत नाही.

तरी सत्य शोधणाऱ्याचे शेवटी भले होते, असे गोड भरतवाक्य मला लिहिता येत नाही. सणाच्या दिवशीसुद्धा नाही. १९५२ साली नव्या राजवटीने चीनमधल्या विद्यापीठांची फेरमांडणी केली. चच्यांग विद्यापीठाचे तुकडे झाले. शास्त्रशाखेचे नामवंत शिक्षक शांघायला व इतरत्र गेले, शेतकी आणि वैद्यकाची निराळी महाविद्यालये झाली, मूळ विद्यापीठात मुख्यतः अभियांत्रिकी उरली. तान च्याचेन यांचे आनुवंशिकतेचे शास्त्र सोविएत मताशी जुळेना म्हणून काही वर्षे ते शिकवण्याचीच बंदी झाली. लीला घडवणाऱ्या शू शिंगपेइ यांच्यावर राजकीय ठपका आला. त्यांना बांधकामावर राबावे लागले, पुढे एका इस्पितळात संडास धुण्याचे काम केले. न्याय मिळाला तो थेट म्हातारपणी. आणि वांग कानछांग? शेळीच्या मागे फिरत न्यूट्रिनोचा विचार करणारे ते प्राध्यापक १९६१ पासून सतरा वर्षे नाव बदलून, घरच्यांनाही पत्ता न सांगता, अणुबॉम्बच्या कामात होते. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनचा पहिला अणुस्फोट झाला. आगीत जपलेल्या विद्येतून आणखी मोठ्या आगीचे साधन निघाले. जे आहे त्याचा शोध घ्या, एवढेच ती दोन अक्षरे सांगतात. सापडलेल्याचे काय करायचे ते सांगत नाहीत. तो चू कचेन यांचा दुसरा प्रश्न होता: कसले माणूस होणार आहात?

१९९८ साली हांगचौतली चार विद्यापीठे पुन्हा एक झाली. १९५२ साली फुटलेल्या शाखा बऱ्याच अंशी एका छपराखाली आल्या. आज तिथे पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी शिकतात आणि जगातल्या विद्यापीठांच्या क्रमवारीत ते नाव वरच्या ओळींत झळकते. याचा आनंद मानावा. पण क्रमवारीत मठातला फळा मोजता येत नाही, गान नदीचा बांध मोजता येत नाही, आणि ‘जागेवर येऊन पाहिले’ हे एक वाक्य तर मुळीच नाही.

चू कचेन पुढे चिनी विज्ञान अकादमीचे उपाध्यक्ष झाले. सांस्कृतिक क्रांतीच्या गोंधळातही त्यांची वही चालूच होती. फुले केव्हा उमलली, तळ्यातले बर्फ केव्हा वितळले, पाखरे केव्हा आली. १९७२ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, चीनच्या गेल्या पाच हजार वर्षांतल्या हवामानावर त्यांनी निबंध प्रसिद्ध केला. जुन्या लोकांनी सहज लिहून ठेवलेल्या बहराच्या आणि थंडीच्या नोंदी त्यांनी त्यासाठी चाळल्या होत्या. ७ फेब्रुवारी १९७४ रोजी ते वारले.

आदल्या दिवशीची नोंद त्यांच्या रोजनिशीत आहे. कमाल तापमान, किमान तापमान, वारा, आकाश. अंथरुणावरून उठून बाहेर जाऊन तापमापक पाहणे आता शक्य नव्हते. आकडे नभोवाणीवर ऐकलेले. म्हणून त्यांपाशी त्यांनी दोन अक्षरे घातली. त्यांचा अर्थ, हे वेधशाळेने सांगितलेले. आपण पाहिलेले नव्हे. दुसऱ्या दिवशी मरणाऱ्या माणसाला हा भेद नोंदवावासा वाटला. कोणी विचारणार नव्हते, कोणी गुण देणार नव्हते.

वाचकहो, दिवाळीत घराघरात मुलांच्या सहामाहीच्या गुणांची चर्चा होते. किती मिळाले, शेजारच्याला किती मिळाले, कोणत्या कॉलेजात लागेल. विचारायला हरकत नाही. मीही मास्तर म्हणून विचारतोच. पण एखाद्या संध्याकाळी, पणत्या लावून झाल्यावर, त्याच मुलाला जवळ बसवून एवढेही विचारून पाहावे, “बाळ, आज तू जे जे सांगितलेस, त्यातले स्वतः पाहिलेले किती आणि नुसते ऐकलेले किती?” आणि मुलाने तोच प्रश्न उलट आपल्याला विचारला, तर रागावू नये.